काचेच्या गोलातले सोललेले दाणे

माझ्या धंद्यात माल आणि मालकीण कधीच एका ठिकाणी नसत. भाजीवाली आपल्या जुड्यांवर पाणी शिंपडू शकते, मिठाईवाला ताटावरची माशी हाकलू शकतो. माझा माल मात्र बंगळूरमधल्या नऊ ठिकाणी, कुलूप लावलेल्या काचेच्या गोलांत, माझ्या नजरेआड बसलेला असे. दुपारी आभाळ भरून आले की स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या उभ्या मला नऊही काचांवर बाष्प धरल्याचे दिसू लागे. कुठे मुंग्या लागल्या असतील, कुठे चकती अडली असेल, कुठे कुणी रुपया घालून, मूठ फिरवून, रिकामी ओंजळ धरून उभे असेल. नव्वदच्या दशकातली सहा वर्षे मी हा धंदा केला आणि सहाही वर्षे ही धास्ती बाळगून वावरले. यजमान म्हणत, "खाऊच आहे तो, दारूगोळा नव्हे." एका शनिवारपर्यंत मलाही ते पटत असे.

ही यंत्रे ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगते. लोखंडी खांबावर एक पेटी, पेटीवर काचेचा गोल, गोलात गळ्यापर्यंत भरलेला सुटा खाऊ. पेटीला पुढून नाण्याची खाच आणि एक मूठ. खाचेत रुपया ठेवून मूठ फिरवली की आतली चकती सरकते. चकतीला पळीएवढे खण असतात. त्यांतला एक खण भोकावर येतो आणि त्यातला माल पत्र्याच्या घसरगुंडीवरून ग्राहकाच्या हातात पडतो. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. खण लहानमोठा करायला एक स्क्रू असतो. गोलात काय भरावे एवढाच या धंद्यातला खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ऋतूगणिक, जागेगणिक, कधी कधी वाराप्रमाणेही बदलते.

मी सांगलीकडची, मराठी कवितेत एम. ए. झालेली. यजमानांच्या सरकारी संशोधनसंस्थेतल्या नोकरीमागोमाग बंगळूरला आले, तेव्हा माझ्या पदवीला इथे कोणी गिऱ्हाईक नव्हते. आमच्या कॉलनीतल्या कामतकाकांनी निवृत्तीनंतर यशवंतपूरच्या एका लहानशा कारखान्यातून अशी तीन यंत्रे बनवून घेतली होती. गुडघे थकल्यावर ती त्यांनी मला दिली; पुढे मी आणखी सहा बनवून घेतली. म्हणाले, "यंत्र कुणीही चालवील. आत काय घालायचं ते कळायला कान लागतो. तुम्ही वृत्तं मोजता ना? मग जमेल तुम्हाला."

मला ती थट्टा वाटली होती. पण खरोखरच प्रत्येक मालाला त्याची त्याची लय असते. लिमलेटच्या गोळ्या पत्र्यावर टणटण उतरत, एकेक, तोऱ्यात. पण दोन गोळ्यांत खण भरे आणि तिसरी अर्धी आत, अर्धी बाहेर राहून चकतीच थांबवी. रंगीत बडीशेप सरसर झरे. तिच्यासारखा देखणा माल मी दुसरा पाहिला नाही. पण जुलैच्या ओल्या हवेत तिची साखर पाझरली आणि दोन दिवसांत गोलात गुलाबी-हिरवे एकच ढेकूळ झाले. तळलेल्या मसाला डाळीने काच आंधळी केली. काजू खणात जेमतेम चार मावत. गिऱ्हाईक आधी आपल्या तळहाताकडे पाही, मग यंत्राकडे, मग दुकानदाराकडे. फुटाणे कोरडे आणि इमानी, पण त्यांचे पीठ चकतीच्या दातांत जाऊन बसे.

हळूहळू मला उमगले, की नफ्याचा माल म्हणजे स्वस्त माल नव्हे. ज्याच्या थोड्याशा वजनाने खण भरतो आणि तरी ओंजळ भरल्यासारखी वाटते, हवेला दाद देत नाही, आणि ज्याचा पहिला घास दुसऱ्या घासाची आठवण करून देतो, तो नफ्याचा माल. शोधत शोधत मी जिथे पोचले तो पदार्थ माझ्या माहेरच्या प्रत्येक डब्यात होता. भाजलेले खारे शेंगदाणे.

दाणे मी यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे लक्ष्मम्माकडून घेत असे. तिची एक भट्टी होती. कढईतल्या तापल्या वाळूत ती दाणे भाजे, आणि वास बदलला की जाळ न बघताच उलथने उचले. आधी हिरवट, मातकट वास, मग दुधाळ, मग एकदम गोड. त्या गोड वासानंतर दोन श्वास मोजायचे आणि कढई उतरायची. माझे कन्नड मोडके, तिचे मराठी नाहीच. पण वासाच्या बाबतीत आम्ही एकाच शाळेत शिकलो होतो. ती मला अक्का म्हणे. तिच्यापेक्षा मी दहा वर्षांनी तरी लहान असेन.

माझी सर्वांत चालती जागा मल्लेश्वरममधले मूर्ती यांचे चष्म्याचे दुकान. चष्म्याच्या दुकानात माणसाला थांबावे लागते. काच घासून होईपर्यंत, नंबर तपासून होईपर्यंत. थांबलेल्या माणसाचा हात आपोआप खिशात जातो. तिथे एक निवृत्त रेल्वे कारकून रोज शेजारी वर्तमानपत्र वाचायला येत आणि न चुकता एक रुपया फिरवत. दाणे खाण्याआधी ते मोजत.

"मॅडम, तुमचं यंत्र सोमवारी कंजूष असतं," ते एकदा मला म्हणाले. "शनिवारी एकवीस दाणे, सोमवारी सोळा. रविवारी त्याचं बायकोशी भांडण होतं की काय?"

मी हसले, पण घरी येऊन ती गोष्ट मनात घोळवत बसले. पुढच्या सोमवारी गोल उघडून पाहिले. दाणे एकमेकांवर घासून त्यांची तांबडी साले सुटली होती, तळाशी साचली होती, आणि खणात दाण्यांची जागा साले अडवत होती. म्हणजे ते गृहस्थ खरेच बोलत होते.

मूर्तींचीही तक्रार होतीच. "दाणे चांगले आहेत, मॅडम. पण ही सिप्पे! गिऱ्हाईक फुंकर मारतं आणि ती माझ्या चष्म्यांवर उडतात. दिवसात तीनदा झाडतो. स्वल्प काहीतरी करा, नाहीतर यंत्र उचला." सिप्पे म्हणजे साले, स्वल्प म्हणजे जरा.

ती जागा गेली तर धंद्याचा कणाच गेला असता. आणि मला जे सुचले ते कुठल्याही मराठी बाईला सुचले असते. आपल्याकडे दाणा भाजला की तो सोलायचा, हा काही विचार करून घेतलेला निर्णय नसतो. फडक्यात घालून चोळायचे, सुपात घेऊन पाखडायचे, फोलपटे अंगणात उडवायची. सालासकट दाणे पुढे करणे माझ्या आईच्या लेखी गबाळेपणाच होता. मी लक्ष्मम्माला म्हटले, "यापुढे दाणे सोलून हवेत."

तिने मान हलवली. "सिप्पे इरली, अक्का." असू दे साल.

"कचरा होतो गं."

"सोलला की फुटतो. फुटलेला दाणा आम्ही लेकरांच्या हातात देत नाही."

मला वाटले, सोलायचे कष्ट टाळते आहे. मनात थोडी अढीही आली. "सरी, बरं," मी म्हटले, "मग मीच सोलीन."

आणि मी सोलू लागले. सकाळची कामे आटोपली की व्हरांड्यात बसून दोन-दोन तास. सोललेल्या दाण्याच्या सहज दोन पाकळ्या होत. या पाकळ्या खणात एकमेकींना बिलगून बसत, पत्र्यावर उतरताना झुळझुळ आवाज करीत. टणत्कार नाही, खडखड नाही, वाळूतून पाणी जावे तसा नाद. काचेच्या गोलात तो फिकट सोनेरी ढीग इतका सुरेख दिसे की मूर्तींच्या दुकानातला गोल आठवड्यातून दोनदा भरावा लागू लागला. आपल्याला माल कळतो असे मला पहिल्यांदाच वाटले. त्या अभिमानाची चव अजून जिभेवर आहे, म्हणून ती लिहायला इतका वेळ लावला.

तो शनिवार. सकाळी सोमवारसाठीचे दाणे सोलून मी नुकतीच उठले होते. अंगावरची फोलपटेही झटकली नव्हती. फोन वाजला. मूर्ती होते.

"मॅडम, लगेच या. मी यंत्रावर कापड टाकलंय."

"काय झालं?"

"एक लहान मुलगा. अडीच वर्षांचा असेल. दाणे खाता खाता हसला, मग खोकला, मग खोकणं बंदच झालं. तोंड निळं. रिक्षात घालून नेलंय." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमचेच दाणे होते, मॅडम."

दुकानात पोचले तेव्हा यंत्र पांढऱ्या कापडाखाली उभे होते. चष्मे पुसायचे कापड होते ते. खाली फरशीवर चारपाच पाकळ्या सांडलेल्या. मी त्या वेचल्या. का वेचल्या ते मला माहीत नाही. मूर्तींनी इस्पितळाचे नाव सांगितले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. ते वळले म्हणून मला त्यांचा राग आला, आणि लगेच कळले की त्यांनी आणखी काय करायला हवे होते हे मलाही सांगता येणार नाही.

रिक्षात मी एकच हिशेब मांडत होते. दाणा माझा नसेल. लेकराने आधीपासून काही तोंडात धरले असेल. खडू असेल, बटण असेल. आपला माल वाईट नसावा असे प्रत्येक दुकानदाराला वाटते; मी तर त्या क्षणी, एका मुलाच्या घशात काय अडकले असावे याची यादी करत होते.

इस्पितळाच्या बोळात फिनेलचा वास होता आणि त्याखाली उकळलेल्या सुयांचा. बाकावर एकटीच बाई बसली होती. पंचवीस-सव्वीसची, हातात चष्म्याचे नवे घर घट्ट धरलेले. मी न विचारताच ओळखले. तिच्याशेजारी बसले.

समोर दाराच्या वरचा लाल दिवा लागलेला होता. आतून काहीच ऐकू येत नव्हते. आयुष्यभर आवाजावर विसंबलेल्या माझ्या कानांना त्या बोळात नुसता पंखा मिळाला. त्याच्या एका पात्याला पोचा पडला होता, प्रत्येक फेरीला टक्. मी ती टक् मोजू लागले. शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकापासून.

"तुमचं कोण आहे आत?" तिने कन्नडमध्ये विचारले.

"कोणी नाही."

तिने हातातले चष्म्याचे घर उघडले, मिटले. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सासऱ्यांचा चष्मा घ्यायला गेले होते. याला कोणाजवळ ठेवणार? तो रडायला लागला, म्हणून मी रुपया दिला. मूठ फिरवायला त्याला फार आवडलं. दुसऱ्यांदाही मीच दिला."

मी पदराच्या आत हात लपवले. पण बाक लहान होता, आणि तिने मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे.

"तुमच्या हातांना कडलेबीजाचा वास येतोय," ती म्हणाली. कडलेबीज म्हणजे शेंगदाणे.

गप्प राहण्याची तेवढी एक संधी माझ्यापाशी होती. स्वयंपाकातून उठून आले असे म्हणता आले असते. खोटेही झाले नसते. दाराच्या वरचा दिवा अजून लाल होता. मी म्हटले, "ते यंत्र माझं आहे. दाणे मीच सोलते."

ती रागावेल, ओरडेल, मला उठवून लावील अशी मी वाट पाहत होते. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, जणू मी अवघड भाषेत काही बोलले होते.

"सोलता? का?"

"सालांचा कचरा होतो म्हणून. आणि आमच्याकडे घरीही तसंच..."

"आमच्याकडे नाही," ती म्हणाली. "घरी मी त्याला दाणे देते, सालासकट. साल जिभेला लागलं की तो तोंड वाकडं करतो आणि थू करून टाकतो. एकदाही गिळला नाही. रोज झाडते मी ते." तिने दाराकडे पाहिले. "म्हणून तर दिला रुपया. म्हटलं, थुंकेल आणि गप्प बसेल."

पंख्याची टक् मी पुन्हा मोजू शकले नाही.

पुढचा वेळ किती होता ते आता सांगता येत नाही. मध्येच तिने आपले नाव शोभा आहे असे सांगितले, बहुधा कोणाला तरी काही सांगत राहायला हवे म्हणून. मी माझे सांगितले. ते तिला उच्चारता आले नाही.

दिवा विझला. दार उघडले. डॉक्टर तरुण होते, तोंडावरचा रुमाल हनुवटीखाली ओढलेला. नळी घालून अडकलेले काढले, म्हणाले, श्वास आता मोकळा आहे, रात्रभर इथे ठेवू, घसा काही दिवस बसेल. मागून नर्स स्टीलची छोटी तबकडी घेऊन आली. घरच्यांना दाखवायची तिथली पद्धत असावी.

तबकडीत एक पाकळी होती. अर्धा दाणा. एका कडेला भाजल्याचा तपकिरी ठिपका, लक्ष्मम्माच्या वाळूचा.

शोभाने पाहिले, आणि तबकडी हाताने माझ्याकडे सरकवली. "बघा," म्हणाली. त्या एका शब्दापलीकडे तिने मला कधीही बोल लावला नाही.

"अख्खाही देऊ नका," डॉक्टर आम्हा दोघींना उद्देशून म्हणाले. "पाच वर्षांपर्यंत दाणा नकोच. साल असो नसो. तुम्ही दोघी बहिणी का?"

शोभा तोवर उघड्या दारातून आत गेली होती.

सोमवारी लक्ष्मम्माकडे गेले आणि झाले ते सांगितले. ती म्हणेल, मी सांगितलं होतं. त्या वाक्याची मी तयारी करून गेले होते. ती वाळू ढवळत राहिली, आणि गोड वास आल्यावर दोन श्वास मोजून कढई उतरवली. ती बोलली असती तर मला बरे वाटले असते.

त्याच दिवशी मी धंदा बंद केला असे लिहिता आले असते तर किती बरे झाले असते. तसे झाले नाही. कारखान्यांच्या कॅन्टीनमधले, जिथे लहान मुले येत नाहीत, तिथले दाणे मी चालू ठेवले, सालासकट. लेकरे येतील अशा तीन जागांचे गोल रिकामे केले. मूर्ती दोन आठवड्यांनी म्हणाले, "मॅडम, लोक विचारतात. दाणे कधी? आम्ही वर पाटी लावू ना, मुलांना देऊ नका म्हणून." पाटी लावली असती तर चालले असते, असे माझ्यातल्या दुकानदारणीला त्या क्षणी वाटलेच. मी त्यांच्या गोलात चुरमुरे भरले. चुरमुरे काचेला चिकटून बसत. खाली पडताना त्यांचा आवाजच येत नसे. रेल्वेचे कारकून एकदा फिरवून म्हणाले, "हे मोजायचे तरी कसे?" आणि पुन्हा त्यांनी मूठ फिरवली नाही. कोणीच दुसऱ्यांदा फिरवीत नसे.

एक दिवस मी तिथे गोल पुसत असताना शोभा मुलाला घेऊन आली. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. मुलगा यंत्र बघताच आईचा हात ओढू लागला; त्याचा आवाज अजून घोगरा होता. शोभाने मला पाहिले, हसली नाही, तोंडही फिरवले नाही. मुलाला उचलून कडेवर घेतले आणि काचेपाशी नेऊन दाखवले. तो आईच्या खांद्यावरून मूठ फिरवल्यासारखा हात हवेत फिरवत राहिला. काम होईपर्यंत ती तशीच उभी होती, आणि मी तोवर उगाचच तो स्वच्छ गोल पुसत राहिले.

मूर्तींनी काही महिन्यांत यंत्र उचलायला सांगितले. इतर जागाही नंतर एकेक करून सुटल्या. आता बंगळूरला येऊन इतकी वर्षे झाली की भाजीवालीशी मी नकळत कन्नडमध्ये बोलते, पण दाणे मात्र अजूनही आईसारखेच भाजते, चोळते, पाखडते. ती सवय हातांतून गेली नाही. बदल एवढाच, की सोललेले दाणे मी ताटात क्षणभरही तसेच ठेवत नाही. लगेच खलात घालते आणि कुटू लागते. घरात लहान मूल नाही, कोणी यायचेही नसते. तरी शेवटची पाकळी फुटून तिचे कूट होईपर्यंत मी खलबत्त्यावरून हात काढत नाही, आणि तोवर माझा स्वतःचा श्वासही छातीत अर्ध्यावरच थांबलेला असतो.